गावच्या जुन्या हायस्कुलाचं आवार नव्यानं उभं करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या मोठ्या गावांत पन्नास, सत्तर, कुठे कुठे शंभर वर्षं जुनी हायस्कुलं आहेत. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यातल्या जाड भिंती, सागाच्या कैच्या (छपराचे लाकडी सांगाडे), वर कवेलू (कौलं) आणि समोर लांब व्हरांडा. अशा शाळेला कुठून तरी निधी मंजूर झाल्याची बातमी येते आणि गावात वाद सुरू होतो. मुख्याध्यापक, सरपंच, समितीतले पालक आणि पुण्या-मुंबईला गेलेले माजी विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. काही नियमांची आहेत, काही माझ्या मताची.

आधी एकच सांगा : पाडायची की ठेवायची?

हा प्रश्न शेवटी यायला हवा, पण विचारला पहिला जातो. तसं झालं की गावात दोन पार्ट्या पडतात आणि मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

मुळात शाळा म्हणजे एक इमारत नसते. आवारात मूळ इमारत असते, नंतर जोडलेल्या दोन-चार खोल्या असतात, त्यानंतरची स्लॅबची इमारत असते, एक टिनाचं शेड असतं आणि जागा दिसली तिथे बांधलेला संडास असतो. प्रत्येकाचं वय वेगळं, तब्येत वेगळी. जुन्या चुन्याच्या भिंती ठणठणीत आणि तीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबमधून गंजलेले गज बाहेर आलेले, असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण गावात "जुनी बिल्डिंग धोकादायक" म्हटलं की बोट कवेलूच्या इमारतीकडेच जातं.

म्हणून आधी आजच्या आवाराचा खरा नकाशा काढा. कोणती खोली कधीची, कोण वापरतं, कधी वापरतं, कुठे गळतं, पाणी कुठून वाहून कुठे साचतं, हे सगळं त्यावर मांडा. हे काम नववी-दहावीची पोरं टेप घेऊन उत्तम करतात. गळण्याच्या जागा शिपायाला विचारा. पावसाळाभर बादल्या त्यानेच सरकवलेल्या असतात.

इमारत शंभर वर्षांची आहे. म्हणजे ती आपोआप हेरिटेज झाली ना?

नाही. नुसत्या वयाने कायद्याचं संरक्षण मिळत नाही. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा. दोन्हींत वास्तू अधिसूचनेने संरक्षित जाहीर व्हावी लागते, आणि गावातल्या शाळा तशा जाहीर झालेल्या सहसा नसतात.

उलट बाजूने मात्र पाहून घ्या. लोणार, मार्कंडा किंवा चंद्रपूरच्या परकोटासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ शाळा असेल, तर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीपासून हा नियम कडक झाला आहे. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल, तर वारसा यादीत नाव आहे का हे नगररचना विभागात विचारा.

कायदा वाचवत नाही म्हणजे वाचवण्याजोगं काही नाही, असं मात्र नाही. तो निर्णय गावाने घ्यायचा आहे.

जागा शाळेचीच आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. कागद कशाला काढायचे?

कारण गावाला माहीत असलेली गोष्ट सातबाऱ्याला माहीत नसते. अर्ध्याहून अधिक भानगडी इथेच अडतात, म्हणून याचं उत्तर लांबलचक देतो.

विदर्भाच्या जमिनीचा इतिहास दोन तऱ्हांचा आहे. वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ हा भाग, १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. पाटील, देशमुख किंवा कापसाच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एखाद्या जिनिंगवाल्याने शाळेला जमीन दिली, अशी कहाणी तिथे बहुतेक ठिकाणी ऐकू येते. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरायचा आणि गावच्या जमिनीवर हक्क त्याचा. मालगुजाराने गावासमोर "ही जागा शाळेची" म्हटलं, की झालं. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे हक्क संपले आणि ते सरकारकडे गेले. त्या वेळी शाळेची जागा नीट नोंदली गेली नसेल, तर आज उताऱ्यावर सरकार, गावठाण किंवा दात्याचे वारस, काहीही निघू शकतं.

शाळा चालवणारेही बदलत गेले. आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल किंवा बोर्ड, १९४८ नंतर जनपद सभा, १९५६ ला राज्यच बदललं, १९६० ला पुन्हा बदललं आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. एकाच शाळेचे कागद त्यामुळे तीन दप्तरांत विखुरलेले असतात. खाजगी संस्थांच्या शाळांची गोष्ट निराळी. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि त्या काळापासून संस्थांची हायस्कुलं खेड्यापाड्यांत पोचली. तिथे मालमत्ता विश्वस्त संस्थेची असते. त्यातला तुकडा विकायचा, बदलून घ्यायचा किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायचा, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. "समोर चार दुकानं काढू, भाड्यातून शाळा चालवू" असं कोणी सुचवलं, की त्याला हे कलम दाखवा.

करायचं काय? सातबारा, जुने फेरफार, दानपत्र असेल तर त्याची नक्कल आणि भूमी अभिलेखची मोजणी. मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा) हातात येईपर्यंत कुंपणाची एक वीटही रचू नका. वारस निघालेच तर भांडू नका, घरी जाऊन बसा. आजोबांनी दिलेली जागा परत मागायला सहसा कोणी धजत नाही. त्यांना राग येतो तो न विचारल्याचा.

गावाला विचारायचं म्हणजे ग्रामसभेत ठराव घ्यायचा, एवढंच ना?

ठराव हवाच, पण तो शेवटी. नकाशा तयार, अंदाजपत्रक तयार, ठेकेदारही मनात तयार, आणि मग ग्रामसभेत "सर्वानुमते मंजूर". याला गावाला विचारणं म्हणत नाहीत, गावाची सही घेणं म्हणतात.

कायद्यात विचारण्याची जागा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समिती असते. खाजगी अनुदानित शाळेत पालकांची समिती २०१२ च्या दुरुस्तीनुसार फक्त सल्ला देते, निर्णय संस्थेचा. तरीही लेखी सल्ला फाइलला लागलेला असला, की पुढे उपयोगी पडतो.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : नकाशा काढण्याआधी विचारा, आणि विचारल्यावर काय झालं ते लिहून लावा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तीन रकाने पुरतात. कोणी काय मागितलं, ते आराखड्यात आलं का, नाही आलं तर का. तिसरा रकाना लिहायला जड जातो. पण तो लिहिला नाही, तर पुढच्या सभेला कोणी फिरकत नाही.

सभा बोलावतो, दवंडी देतो, ग्रुपवर टाकतो. लोक येत नाहीत, काहून?

वेळ पाहिली का? जूनच्या शेवटी पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, दिवाळीपासून पुढे कापूस वेचणी. वेचणीच्या दिवसांत दुपारी अकराची सभा ठेवली, तर तिथे पेन्शनर आणि पुढारी एवढेच येणार. रात्री आठनंतर ठेवा, जेवणं झाल्यावर. फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत सोयीचे. पोळ्याच्या आसपासही माणसं गावात असतात, पण त्या दिवसांत कामाचं बोलणं होत नाही.

आणि एकाच जागी सभा घेऊ नका. हायस्कूल एका गावाचं नसतं, आजूबाजूच्या सात-आठ गावांचं असतं. तांड्यावर जा, पारधी बेड्यावर जा, बौद्ध वस्तीत तिथल्या विहारात बसा. मेळघाटात असाल तर कोरकू बोलणारा माणूस सोबत घ्या, गडचिरोलीत गोंडी बोलणारा. शाळेच्या मुख्य दारासमोरचं घर ज्यांचं, त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक असतंच.

मुली सभेत तोंडच उघडत नाहीत. त्यांचं काय?

सभेत उघडणारही नाहीत. बाई शिक्षिका, फक्त मुली आणि एक कोरा कागद, असं बसा. जमलं तर आवारात सोबत चालत जा आणि जिथे जायला नको वाटतं तिथे खडूने फुली मारायला सांगा.

फुल्या कुठे पडतील याचा अंदाज सांगतो. संडास इमारतीच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, आणि पलीकडे पानठेला. संडास नवा आहे, टाइल्स आहेत, पण मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण तिथे जावं लागेल. कागदावर "मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : होय" असं लिहिलेलं असतं. जागा बदलली, समोर आडोशाची भिंत घातली, आत नळ आणि कडी चालू ठेवली, की प्रश्न सुटतो. खर्च फार नाही.

दुसरी मागणी हमखास सायकलींची येते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या, काही तालुक्यांत निळ्या बसही सुरू झाल्या, पण सायकली उन्हात तापतात आणि बसची वाट पाहायला फाटकाबाहेर सावली नसते. एक साधं छप्पर आणि एक लांब ओटा. वास्तुविशारदाच्या पहिल्या नकाशात तुम्हाला या दोन गोष्टी सापडणार नाहीत.

खिचडी शिजवणाऱ्या बायांशीही बोला. धूर कुठे जातो, पाणी किती लांबून आणावं लागतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळं हवं, याला फार गंभीर कारण आहे : १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली आणि ९४ मुलं गेली.

नकाशा भिंतीवर लावला, तरी लोकांना कळत नाही.

कागदावर फूटपट्टीने काढलेली खोली डोळ्यांपुढे उभी राहणं सोपं नाही, शिकलेल्यांनाही जमत नाही. नकाशा मैदानावर काढा. फक्की घ्या, कबड्डीचं मैदान आखतो तसं नव्या इमारतीची बाह्यरेषा खऱ्या मापात आखा, दारांच्या जागी दगड ठेवा आणि लोकांना आत फिरू द्या. "अरे, मग शंभर मीटर धावायला जागाच उरत नाही!" हे वाक्य फक्की मारल्यावर दहाव्या मिनिटाला ऐकू येतं. कागदासमोर वर्षभर बसलं तरी येत नाही.

माजी विद्यार्थी म्हणतात एक वीटही हलवू नका, आणि पालक म्हणतात नवी टोलेजंग बिल्डिंग पाहिजे. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही, पण वजन सारखं नाही. जो रोज त्या खोलीत बसतो त्याचं वजन जास्त. सहावीतल्या पोरावर एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतही अकराला घामाच्या धारा लागत असतील, तर १९८२ च्या बॅचच्या आठवणींनी ती खोली थंड होणार नाही.

पण पालकांच्या मागणीतही एक गोम आहे. त्यांना नवी बिल्डिंग हवी असते, कारण शेजारच्या कॉन्व्हेंटची तशी आहे. पोरं तिकडे जातात ती भिंतींमुळे की इंग्रजीमुळे, की घरापर्यंत येणाऱ्या गाडीमुळे, हे एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. आणि माजी विद्यार्थ्यांना विचारा की नेमकं काय ठेवायचं. बहुतेकदा उत्तर पूर्ण इमारत नसतं. व्हरांडा, प्रार्थनेचा चौक, घंटा, एखादं झाड. ते ठेवता येतं.

भिंतीला एवढ्या भेगा आहेत. इंजिनिअरने एकदा पाहून "धोकादायक" लिहिलं. मग प्रश्नच मिटला?

एका भेटीत भेगांचं निदान होत नाही, निदान काळ्या मातीत तरी नाही. आपली कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात बोट जाईल एवढी रुंद झालेली भेग ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी दिसते. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवा, तारीख टाका, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. नाही तडकली, तर ती भेग जुनी आणि थांबलेली असण्याची शक्यता मोठी.

हालचाल चालू असली तरी कारण बहुतेक वेळा पाण्यात सापडतं. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडतं, नाली फुटलेली असते, हातपंपाचं सांडपाणी भिंतीकडे येतं. भिंतीभोवती तीन-चार फूट फरसबंदी आणि बाहेरच्या बाजूला उतार दिला, की पायाखालच्या मातीतला ओलावा सारखा राहतो. यानेच अनेक भेगा थांबतात.

दोन गोष्टी सोडून. छत झोल खात असेल किंवा कैचीचं टोक भिंतीत कुजलं असेल, तर काचेची पट्टी लावत बसू नका. मुलं त्याच दिवशी बाहेर. कुजणं सुरू होतं ते लाकूड भिंतीत घुसतं तिथे, कारण तिथे ओल असते आणि वाळवी लागते. लोखंडी सळईने टोचून पाहता येतं. तपासणीसाठी चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेला माणूस आणा. काँक्रीटवर हातोडीने ठोकून वाचन घेणारं यंत्र दगड-चुन्याच्या भिंतीबद्दल फारसं सांगत नाही. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नागपूरचं व्हीएनआयटी, यांच्याकडे लेखी मागणी करता येते.

भिंतीला लोणा (ओलीबरोबर येणारा खार) लागलाय. सिमेंटचा गिलावा करून टाकू का?

नको. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत असते. वरून सिमेंटचा थर चढवला, की ओल आत कोंडते आणि वर चढत जाते. दोन वर्षांत लोणा खिडकीपर्यंत पोचतो आणि गिलावा पोपडे धरून पडतो. मग दोष चुन्याला मिळतो.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या गावांत, आणखी एक काळजी घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी गिलाव्यात आणि पाणी मारायला वापरलं, तर तुम्ही स्वतःच भिंतीत मीठ भरताय. कामापुरतं गोडं पाणी आणा आणि ही अट निविदेतच लिहा.

चुन्याचं काम करणारे गवंडी कमी झालेत, संपलेले नाहीत. जुन्या देवळांची डागडुजी कोण करतो ते विचारा. हे काम थंडीत करा. मे महिन्यात चुना धरण्याआधीच वाळतो आणि भुगा होतो.

कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकू, गळती कायमची बंद.

गळती बंद, वर्गही बंद. मे-जूनमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. याच कारणाने विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. टिनाखाली मार्चपासूनच बसवत नाही आणि पावसात गुरुजींचा आवाज ऐकू येत नाही.

कवेलूचं छप्पर गळतं, कारण कोणी ते फेरत नाही. पूर्वी दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, वाकलेल्या पट्ट्या काढायचे. सेवाग्राममधली १९३६-३७ ची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूचीच आहे आणि ती अजून उभी आहे ती निगेमुळे. शाळेला वर्षाला थोडा निधी आणि दोन माणसं मिळाली, तर हेच होतं. माकडांचा त्रास मात्र खरा आहे. तिथे कवेलूखाली फळ्या किंवा जलरोधक थर टाकण्याचा पर्याय आहे. स्लॅब टाकायचाच असेल, तर जुन्या भिंतींवर नको. त्या वजनासाठी त्या बांधलेल्या नाहीत.

निर्लेखन (जुनी इमारत कागदोपत्री बाद करणं) झालं की सामान कुठे जातं?

लिलावात. जिल्हा परिषदेच्या वर्गखोलीच्या निर्लेखनाला उपअभियंत्याची पाहणी आणि वरची मंजुरी लागते, आणि मग निघालेल्या सामानाचा लिलाव होतो. शंभर वर्षं मुरलेला साग, आलापल्लीच्या जंगलातला असो की मेळघाटातला, भंगाराच्या भावात जातो आणि महिन्याभरात कोणाच्या तरी बंगल्याचा दरवाजा होतो. लिलाव टाळायचा असेल, तर निर्लेखनाचा प्रस्ताव जाण्याआधी समितीचा ठराव करा : कैच्या, दारं, काळा दगड, शहाबादी फरशी यांची मोजून यादी आणि ते याच आवारात वापरण्याची मागणी. नंतर मागून काही मिळत नाही.

नव्या खोल्या किती मागायच्या?

तुम्हाला वाटतात त्याहून कमी. पट घसरतोय, संचमान्यतेत (पटावरून पदं ठरवताना) शिक्षकांची पदं कमी होतायत, आणि गावं मात्र दहा खोल्या मागतात, कारण शेजारच्या गावाला आठ मिळाल्या. गेल्या पाच वर्षांचा पट कागदावर मांडा. रिकाम्या खोलीचं पुढे गोदाम होतं. त्यापेक्षा एक नीट प्रयोगशाळा आणि संध्याकाळीही उघडी राहणारी अभ्यासिका मागा. गावातली पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं ती भरून टाकतील.

नवी खोली बांधताना लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा, पश्चिमेला खिडकी टाळा आणि व्हरांडा कापू नका. व्हरांडा ही "वाया गेलेली जागा" आहे असं म्हणणाऱ्याला एप्रिलमध्ये दुपारी तिथे उभं करा. काळ्या मातीत पायाचा खर्च वाढतो, हे अंदाजपत्रकात आधीच येऊ द्या.

रॅम्प केलाय. अपंग मुलं वर येत नाहीत.

उतार मोजा. १:१२ म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जुन्या शाळांचं जोतं अडीच फूट असतं, म्हणजे तीस फूट रॅम्प आणि मध्ये थांबायला सपाट जागा. दहा फुटांत केलेला रॅम्प मोटारसायकल व्हरांड्यात चढवायच्या कामी येतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि रॅम्प संडासापर्यंत जायला हवा, नुसता ऑफिसपर्यंत नाही. मतदान केंद्र शाळेतच असतं, त्यामुळे म्हातारी माणसंही तो वापरतील.

पावसाचं पाणी साठवून खरंच काही होतं का?

हिशेब करा. १०० चौरस मीटर छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८०,००० लिटर. सांडलं, उडालं ते सोडा, तरी साठ हजारांच्या वर. खारपाणपट्ट्यातल्या शाळेला हे पिण्याचं गोडं पाणी आहे. तिथे टाकी बांधा. बाकी ठिकाणी विहिरीत सोडलं तरी चालेल. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायची तोटी विसरू नका.

मैदान शाळेचं की गावाचं?

सकाळी पाचला भरतीची पोरं धावतात, दहाला शाळा भरते, ऑक्टोबरमध्ये कोणी सोयाबीन वाळवतो, मधूनच लग्नाचा मंडप, निवडणुकीत सभा. कागदावर शाळेचं, वापरात सगळ्यांचं. कुंपण घालून सगळ्यांना बाहेर काढलं, तर एक वर्षात कुंपण तुटतं. आणि खुलं ठेवलं, तर सोमवारी सकाळी मुलं पत्रावळ्या आणि बाटल्या वेचतात.

वेळा ठरवा, लिहून लावा, मंडपाला अनामत रक्कम घ्या आणि ती साफसफाई झाल्यावरच परत द्या. धावण्याच्या पट्ट्यासाठी बाजूने वेगळं फाटक ठेवा, म्हणजे वर्गांचा भाग रात्री बंद राहतो. दारूच्या बाटल्यांचा प्रश्न दिव्याच्या एका खांबाने बराच कमी होतो.

मधलं चिंचेचं झाड नकाशात आडवं येतं.

मग नकाशा वळवा. ग्रामीण भागात झाडतोडीला १९६४ चा कायदा लागू आहे आणि चिंच त्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवाय चाळीस वर्षं लागतील अशी सावली दुसऱ्या कुठल्याही योजनेतून मंजूर होत नाही.

पैसा कुठून येतो?

समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खाणी असलेल्या जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठान, आणि कंपन्यांचा सामाजिक निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो, आणि त्यात शिक्षणही येतं, ऐतिहासिक वास्तूंची डागडुजीही येते. प्रस्तावात दोन्ही लिहा.

पण मंजुरीपत्रात शीर्ष काय आहे, म्हणजे पैसा कोणत्या कामासाठी आहे, ते वाचा. "नवीन बांधकाम" म्हणून आलेला पैसा दुरुस्तीला वापरता येत नाही. धडधाकट इमारती पाडल्या जातात त्या बहुधा याच एका ओळीपायी. म्हणून मागणी करतानाच "दुरुस्ती व मजबुतीकरण" हा शब्द घाला आणि अंदाजपत्रक तसं करून घ्या. निधी आल्यावर शीर्ष बदलायला गेलात, तर मार्च संपेल.

कोनशिलेवर नाव कोणाचं?

नव्या भिंतीवर ज्याचं त्याचं येऊ द्या, त्यात वेळ घालवू नका. जुनी पाटी मात्र काढू देऊ नका. ज्या दात्याने जमीन दिली त्याचं नाव नव्या रंगाखाली गेलं, की वारसांच्या घरी तुम्ही पुन्हा जाऊन बसणार.

काम चालू असताना शाळा कुठे भरवायची?

पूर्ण शाळा एकदम हलवू नका. मुलं दोन महिने समाजमंदिरात गेली की काही दुसऱ्या शाळेत जातात आणि परत येत नाहीत, विशेषतः दूरच्या गावांतल्या मुली. काम तुकड्यांत करा. छपराचं काम १ मे नंतर सुट्टीत धरा आणि जूनच्या मध्यापर्यंत झाकून घ्या, कारण तेव्हा पाऊस येतो. भिंतींचा चुना दिवाळीनंतर, दोन-दोन खोल्या रिकाम्या करत. दहावीचा वर्ग जानेवारीनंतर हलवू नका. ठेकेदार याला कुरकुर करेल, सगळं एकदम मागेल. हे वेळापत्रक निविदेत आधीच लिहिलेलं असेल, तर त्याला दर भरतानाच ते धरावं लागतं.

कामाच्या जागेला टिनाचा आडोसा आणि मुलांना वेगळं फाटक, ही अट सोडू नका. आणि रोज संध्याकाळी समितीतल्या एका पालकाने चक्कर मारावी, वहीत दोन ओळी लिहाव्या : आज किती गोण्या सिमेंट आलं, कोणतं पाणी वापरलं, कोण गवंडी होता. बिल काढताना ही वही मागून घेणारे अभियंते आहेत.